चित्रपट, दुर्बळ बंधू आणि ख्रिस्ती टीकाधर्म

ख्रिस्ती मनुष्याने चित्रपट पाहावा की पाहू नये, हा प्रश्न आपल्या मंडळ्यांत एकेकाळी वारंवार विचारला जात असे. आज तो त्या स्वरूपात फारसा ऐकू येत नाही. कारण चित्रपट आता घराच्या उंबरठ्याच्या आत, किंबहुना प्रत्येकाच्या खिशात येऊन राहिला आहे. परंतु प्रश्न मिटलेला नाही, त्याचे रूप तेवढे पालटले आहे. नीतीच्या रक्षणासाठी अमुक चित्रपट बंद पाडलाच पाहिजे, असे म्हणणारे एका बाजूस आहेत. कलावंताचे स्वातंत्र्य आणि प्रेक्षकाची आवड यांत नीतीने मुळीच बोलू नये, असे म्हणणारे दुसऱ्या बाजूस आहेत. वरवर पाहता हे दोन पक्ष परस्परांचे वैरी दिसतात; पण त्यांची एक चूक समाईक आहे. नैतिक टीका ही बंदीची पहिली पायरी होय, असे दोघेही गृहीत धरतात. म्हणून पहिला पक्ष टीकेचा शेवट बंदीत करू पाहतो आणि दुसरा बंदीच्या भयाने टीकेचेच तोंड बांधू पाहतो. हे गृहीत तपासून पाहणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन केवळ तात्त्विक राहू नये म्हणून एका गावापासून आरंभ करू. सुरतेच्या दक्षिणेस, मुंबईकडे येणाऱ्या लोहमार्गावर सचिन हे गाव आहे. आज ते औद्योगिक वसाहतीसाठी आणि कापडाच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. सुरत आणि तिच्या भोवतालच्या या कारखानदारीच्या पट्ट्यात पोटामागे आलेली खानदेशी कुटुंबे पुष्कळ आहेत. परंतु देश स्वतंत्र होईपर्यंत सचिन हे एक लहानसे संस्थान होते. जंजिऱ्याचे सिद्दी मराठी वाचकांस परिचित आहेत. त्यांच्याच घराण्यातील एका शाखेस जंजिऱ्यावरील हक्काच्या मोबदल्यात १७९१ मध्ये हा मुलूख मिळाला. या संस्थानाचे नवाब इब्राहिम महंमद याकूतखान, तिसरे, यांच्या नावाशी फातमा बेगम या नटीचे नाव जोडले जाते. त्यांचा रीतसर विवाह झाल्याचा लेख मिळत नाही. फातमा बेगम यांच्या झुबेदा, सुलताना आणि शहजादी या तिन्ही कन्या पुढे पडद्यावर आल्या.

फातमा बेगम मूळच्या उर्दू रंगभूमीवरील. अर्देशीर इराणी यांच्या ‘वीर अभिमन्यू’ या मूकपटातून १९२२ मध्ये त्या चित्रसृष्टीत आल्या. १९२६ मध्ये त्यांनी स्वतःची चित्रसंस्था काढली आणि ‘बुलबुल-ए-परिस्तान’ हा चित्रपट स्वतः दिग्दर्शित केला. भारतातील पहिल्या स्त्री-दिग्दर्शक म्हणून इतिहासात त्यांची नोंद आहे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट झळकला, तेव्हा त्याची नायिका त्यांची कन्या झुबेदा हीच होती. ज्या काळात कुलीन स्त्रीने कॅमेऱ्यासमोर उभे राहणे म्हणजे अब्रू गमावणे असे समजले जाई, त्या काळात या मायलेकींनी हे केले.

त्या काळच्या नैतिक मताचे स्वरूप कसे होते, हे पाहण्यासाठी आणखी थोडे मागे गेले पाहिजे. दादासाहेब फाळके यांनी मुंबईत १९११ च्या सुमारास ख्रिस्ताच्या चरित्रावरील एक परदेशी मूकपट पाहिला. तो पाहत असतानाच आपल्या मनःचक्षूंसमोर कृष्ण आणि राम उभे राहिले, असे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. भारतीय चित्रपटाचा उगम अशा रीतीने प्रभूच्या चरित्रदर्शनाशी जोडलेला आहे, याचा आपल्याला बहुधा विसर पडतो. त्या प्रेरणेतून १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ निर्माण झाला. सत्यासाठी राज्य, पत्नी आणि पुत्र यांवर पाणी सोडणाऱ्या राजाची ती कथा. तिच्यात नीतीला आक्षेप घ्यावयास जागा कोठे होती? तरीही तारामतीच्या भूमिकेसाठी फाळक्यांस एकही स्त्री मिळाली नाही. ते वारांगनांच्या वस्तीपर्यंत जाऊन आले आणि तेथूनही विन्मुख परतले, असे सांगतात. अखेर एका उपाहारगृहात स्वयंपाक करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाने तारामती साकारली. पुढील चित्रपटात, ‘मोहिनी भस्मासुरा’त, दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमला या दोघी पडद्यावर आल्या, तेव्हा कोठे ही कोंडी फुटली.

या प्रसंगाकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. येथे नैतिक निर्णय चित्रपट पाहण्यापूर्वी, किंबहुना तो निर्माण होण्यापूर्वीच दिला गेला होता. आणि तो निर्णय कलाकृतीवर नव्हता, व्यक्तीवर होता; त्यातही स्त्रीवर. सत्याचा महिमा गाणाऱ्या चित्रपटातही राणी होऊन उभे राहणे स्त्रीला बट्टा लावणारे ठरले. मात्र तो पाहावयास येणाऱ्या पुरुषांस कोणी दोष दिला नाही. मंदिराच्या अंगणात एका स्त्रीला एकटीलाच धरून आणणाऱ्या शास्त्री-परूश्यांची आठवण येथे आपल्याला व्हावी. नैतिक टीका जेव्हा कृतीऐवजी माणसालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करते, तेव्हा ती टीका राहत नाही, तिचा बहिष्कार होतो.

यावरून चित्रपटाची नैतिक चिकित्सा करूच नये असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. चित्रपट हा मनुष्याच्या मनावर संस्कार करणारा प्रबळ शिक्षक आहे. नकार देणाऱ्या तरुणीचा गल्लोगल्ली पाठलाग करणे म्हणजे प्रेम, ही समजूत आपल्या तरुणांस कोणत्याही पाठशाळेने शिकविली नाही. ती शेकडो चित्रपटांतील हसऱ्या गाण्यांनी शिकविली. सूड म्हणजे न्याय, गोरा वर्ण म्हणजे सौंदर्य, श्रीमंती म्हणजे यश, हे धडेही पडद्यावरूनच गिरविले गेले. याविषयी मंडळीने मौन धरणे म्हणजे आपल्या लेकरांचे शिक्षण परक्याच्या हाती देऊन निश्चिंत झोपणे होय. तेव्हा टीका हवीच. प्रश्न एवढाच की ती कोणी, कोणाजवळ आणि कोणत्या अधिकाराने करावी.

येथे कायद्याची भूमिका थोडक्यात पाहणे उपयुक्त ठरेल. १९५२ च्या चित्रपट अधिनियमाने प्रदर्शनापूर्वीच्या परीक्षणाची व्यवस्था केली. ख्वाजा अहमद अब्बास यांनी चार महानगरांवर एक लघुपट काढला होता. त्यातील मुंबईच्या वेश्यावस्तीच्या दृश्यांवर परीक्षण मंडळाने आक्षेप घेतला, तेव्हा अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७० मध्ये न्यायालयाने निकाल दिला. चित्रपटाचा मनावरील परिणाम विशेष तीव्र असतो, म्हणून पूर्वपरीक्षण घटनाबाह्य नाही, असे न्यायालयाने मान्य केले. परंतु त्याच निकालात त्याने असाही इशारा दिला की समाजातील अत्यंत दुबळ्या आणि विकृत मनाच्या व्यक्तीच्या रक्षणासाठी निरोगी मनाच्या नागरिकांनी काय पाहावे हे ठरू लागले, तर आपले मापदंडच चुकले असे समजावे. आक्षेप विषयाला असू नये. विषय कसा हाताळला आहे हे पाहावे, असाही त्याचा आशय होता. पुढे १९८३ मध्ये मंडळाच्या नावातून ‘सेन्सॉर’ हा शब्द गेला आणि ‘प्रमाणन’ हा शब्द आला. २०२३ च्या दुरुस्तीने पालकांच्या मार्गदर्शनाच्या श्रेणीत सात, तेरा आणि सोळा वर्षे असे वयाचे टप्पे घातले. एकंदरीत कायद्याची वाट कात्रीकडून सूचनेकडे चालली आहे, निदान कागदावर तरी.

आता वाचकांपैकी कोणी विचारील: न्यायालय म्हणते, दुर्बळ मनुष्य हा माप होऊ नये, आणि पौल तर म्हणतो, ज्याच्यासाठी ख्रिस्त मरण पावला त्या दुर्बळ बंधूला आपण अडखळण होऊ नये. मग ख्रिस्ती मनुष्याने कोणाचे ऐकावे? हा विरोध खरा असता तर चित्रपटबंदीची मागणी करणाऱ्यांच्या हाती बळकट शस्त्र आले असते. पण करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील आठवा आणि दहावा अध्याय एकत्र वाचले म्हणजे हा विरोध उरत नाही.

करिंथच्या बाजारात विकावयास येणाऱ्या मांसापैकी काही मूर्तींना वाहिलेले असे. मंडळीतील सज्ञान म्हणत, मूर्ती म्हणजे काहीच नव्हे, तेव्हा खाण्यास हरकत कसली? नुकतेच मूर्तिपूजा सोडून आलेले म्हणत, ते खाताना आमचे मन विटाळते. पौलाने सज्ञानांचा सिद्धांत मान्य केला, परंतु त्यांचा अहंकार मान्य केला नाही. बंधूला अडखळण होत असेल तर आपण कधीही मांस खाणार नाही, असे तो स्वतःविषयी म्हणाला. स्वतःविषयी, हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. इतरांस त्याने सांगितले की बाजारात जे विकले जाते ते सदसद्विवेकासाठी चौकशी न करता खावे. आणि रोमकरांस लिहिताना दोन्ही पक्षांस समज दिली: खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये.

मांसबाजार बंद करा, असे मात्र पौल कोठेही म्हणत नाही. अखया प्रांताचा अधिपती गल्लियो करिंथमध्येच बसत असे, आणि पौल त्याच्यासमोर उभाही राहिला होता; पण तो फिर्यादी म्हणून नव्हे. यावर कोणी म्हणेल की मूठभर ख्रिस्ती लोकांच्या मागणीला रोमी अधिकाऱ्याने भीक घातली नसती, म्हणून पौल गप्प राहिला. परंतु पौलाने दिलेले कारण दुबळेपणाचे नाही. पृथ्वी आणि तिच्यातील सर्व काही प्रभूचे आहे, हे स्तोत्रकर्त्याचे वचन तो बाजाराच्या संदर्भातच पुढे करतो. जग देवाचे आहे, म्हणून बाजाराला भिण्याचे कारण नाही. आणि बंधूही देवाचा आहे, म्हणून त्याला दुखविण्याचा अधिकार नाही. दुर्बळ बंधू हा प्रीतीचा माप आहे, कायद्याचा नव्हे. जो त्याग मी आपखुशीने स्वतःवर घालून घ्यावयाचा, तोच मी पोलिसांकरवी शेजाऱ्यावर लादला, तर तो त्याग न राहता जुलूम होतो. न्यायालय आणि प्रेषित यांत विरोध नाही; दोघांची क्षेत्रे वेगळी आहेत. बालकांचे रक्षण करणे आणि चित्रपट निर्माण करताना कोणाच्या देहाची वा अब्रूची हानी होऊ न देणे, एवढे कायद्याचे काम आहे. त्यापलीकडचे काम सदसद्विवेकाचे, आणि तो घडविण्याचे काम मंडळीचे.

या कसोटीवर आपण स्वतः कसे उतरलो? मे २००६ मध्ये ‘द दा विंची कोड’ हा चित्रपट भारतात येऊ घातला. त्याची कथा प्रभूविषयी ऐतिहासिकदृष्ट्या निराधार गोष्टी सांगते, यात शंका नाही. मुंबईत काही ख्रिस्ती संघटनांनी निदर्शने केली. परीक्षण मंडळाने तो प्रौढांसाठी आणि कथा काल्पनिक असल्याच्या सूचनेसह मंजूर केला. तरीही गोव्यासह काही राज्यांनी त्यावर बंदी घातली. आंध्र प्रदेशातील बंदी तेथील उच्च न्यायालयाने रद्दही केली. या सर्व धामधुमीत आपण काय मिळविले? शुभवर्तमाने कशी लिहिली गेली, कोणते ग्रंथ प्रमाण मानले गेले आणि का, हे सामान्य ख्रिस्ती माणसाला समजावून देण्याची अशी संधी शतकातून एखादे वेळी येते. काही पाळकांनी व अध्यापकांनी ती घेतली असेल. पण रस्त्यावर ऐकू आला तो बंदीचाच आवाज. आणि आपल्या मंडळ्यांत चित्रपट न पाहता त्याविषयी बोलणारेच अधिक होते, हे आपण प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे.

याच्या उलट एक आठवण मराठी ख्रिस्ती समाजाजवळ आहे. अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले शाहू मोडक यांनी १९४० मध्ये ‘प्रभात’च्या ‘संत ज्ञानेश्वर’ चित्रपटात ज्ञानेश्वरांची भूमिका केली. अनेक चित्रपटांत ते श्रीकृष्ण झाले. आमचा ज्ञानेश्वर ख्रिस्ती मनुष्याने का व्हावे, असा हट्ट धरून महाराष्ट्राने त्यांस पडद्यावरून खाली ओढले नाही. उलट त्या रूपात त्यांस मनात जागा दिली. आपले परमपवित्र ते दुसऱ्याच्या हाती विश्वासाने सोपविण्याचे हे औदार्य आपण घेतले आहे. घेतलेल्याने कधीतरी द्यावयासही शिकले पाहिजे.

बंदीची भाषा सोडली म्हणजे टीका दुबळी होते, अशी भीती काहींस वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. बंदीची घाई गेली म्हणजेच टीकेला पाहावयास सवड मिळते. दोन मराठी चित्रपट शेजारी ठेवून हे दाखविता येईल.

१९९१ चा ‘माहेरची साडी’ हा चित्रपट अफाट चालला. सहकुटुंब पाहावयाचा, स्वच्छ चित्रपट म्हणून त्याची ख्याती. जन्मताच आई गेली म्हणून पित्याच्या रोषास पात्र झालेली मुलगी, पुढे सासरचा छळ, आणि या सर्वांत तिची अढळ सोशिकता, असा त्याचा विषय. चित्रपटगृहात रडलेल्या स्त्रियांची थट्टा करणाऱ्यांत मी नाही. स्वतःचे दुःख उघडपणे रडावयास त्यांस दुसरी जागा नव्हती. पण नैतिक टीकाकाराने विचारले पाहिजे: येथे सद्गुण म्हणून जे गौरविले आहे त्याची किंमत कोण मोजते, आणि त्याचा लाभ कोणाला होतो? सोसणे हाच स्त्रीचा धर्म, ही शिकवण आपल्या घरांतही कधी कधी वधस्तंभाचे नाव घेऊन येते. प्रभूने वधस्तंभ स्वतः उचलला, प्रीतीने उचलला. सुनेच्या पाठीवर इतरांनी लादलेले ओझे म्हणजे वधस्तंभ नव्हे. या चित्रपटावर कोणी बंदी मागितली नाही, मागूही नये. परंतु त्याची चिकित्सा आपल्या व्यासपीठावरून व्हावयास हवी होती.

दुसरा चित्रपट रवी जाधव यांचा ‘न्यूड’. २०१७ मध्ये गोव्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवासाठी परीक्षकांनी तो निवडला होता. केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्रालयाने तो यादीतून वगळला आणि परीक्षक मंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. पुढे प्रमाणन मंडळाने तो प्रौढांसाठी एकही काट न सुचविता मंजूर केला आणि एप्रिल २०१८ मध्ये तो प्रदर्शित झाला. नवऱ्याचा जाच असह्य होऊन यमुना मुलासह मुंबईस येते. मुलाच्या शिक्षणासाठी ती जे. जे. कलामहाविद्यालयात विद्यार्थ्यांसमोर विवस्त्र बसण्याचे काम पत्करते. नावावरूनच आक्षेप सुचावा असा हा चित्रपट. परंतु तो पाहिल्यावर ध्यानात येते की त्याचा खरा विषय नजर हा आहे. यमुनेचा देह वस्त्रांत झाकलेला असताना तिच्या घरात तिची विटंबना होते. आणि जेथे ती विवस्त्र बसते तेथे तिच्याकडे आदराने पाहिले जाते. मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा आहे असे मानणाऱ्यांस हा प्रश्न परका वाटू नये. चित्रपट निर्दोष नाही. कलाशाळेतील वातावरण त्याने वाजवीपेक्षा सोवळे रंगविले आहे असे मला वाटते. सर्वच विद्यार्थ्यांची नजर निर्मळ असते, असे मानणे भाबडेपणाचे होईल. पण हा दोष सांगावयास आधी चित्रपट पाहावा लागतो.

येथे आणखी एका यमुनेची आठवण होते. बाबा पदमनजींच्या १८५७ मधील ‘यमुनापर्यटना’ची नायिकाही यमुनाच. कल्पित कथेकडे अनेक धार्मिक लोक संशयाने पाहत, त्या काळात त्यांनी विधवांचे दुःख सांगण्यासाठी तोच प्रकार हाती घेतला आणि मराठीला तिची पहिली कादंबरी दिली. कथा खोटी असते म्हणून ती टाकावी, असे त्यांनी मानले असते, तर आपला साहित्यवारसा तेवढ्याने दरिद्री झाला असता.

आता पुन्हा सचिनकडे वळू. तेथील कारखान्यातून पाळी संपवून खोलीवर परतलेल्या तरुण मजुराच्या हाती आज भ्रमणध्वनी असतो, आणि त्याच्या लहानशा पडद्यावर जगातील बरे-वाईट सर्व काही येते. तेथे प्रमाणन मंडळाची पाटी त्याला अडवीत नाही आणि निदर्शकांचा मोर्चा पोहोचत नाही. तेथे पोहोचेल ते एकच: त्याच्या ठायी घडलेला विवेक. तो घडवावयाचा असेल तर पाळकाने तरुणांबरोबर बसून चित्रपट पाहिला पाहिजे, आणि नंतर निषेधाऐवजी प्रश्न मांडले पाहिजेत. या कथेत दुबळ्याच्या दुःखावर कोणी हसते काय? स्त्री येथे मनुष्य आहे की वस्तू? चित्रपट संपल्यावर आपल्या शेजाऱ्याविषयी आपले मन अधिक मोकळे झाले की अधिक संकुचित? उत्तरे एकसारखी येणार नाहीत. न येवोत. ज्याला पाहावयाचे नाही त्याने पाहू नये आणि पाहणाऱ्याचा न्याय करू नये. ज्याला पाहावयाचे आहे त्याने न पाहणाऱ्याला मागासलेला म्हणू नये. रोमच्या मंडळीला दिलेला हा सल्ला आपल्यालाही पुरेसा आहे.

‘बुलबुल-ए-परिस्तान’ आज कोठेही उपलब्ध नाही. ‘आलम आरा’चीही एकही प्रत उरलेली नाही. फातमा बेगम यांचा चित्रपट चांगला होता की वाईट, नीतीला पोषक होता की मारक, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. त्यांच्यावर आणि त्यांच्या मुलींवर समाजाने मारलेला शिक्का मात्र कलाकृतीहून अधिक टिकला आहे. न पाहता दिलेल्या निर्णयाचे असेच होते. आपल्या टीकेतून असे काही मागे उरू नये, एवढी काळजी घेतली तर नीती आणि स्वातंत्र्य यांचा वाद पुष्कळसा सुटेल. आणि जो सुटणार नाही, तो बंधूंनी एका मेजाभोवती बसून घालावयाचा वाद असेल.